काना

आमच्या इमारतीला मजले अकरा, लिफ्ट तीन.
एक साहेबांची, एक दुरुस्तीत,
तिसरीची रांग थेट झेरॉक्सवाल्यापर्यंत.
मी तळमजल्यावर, आवक-जावक.
अर्ज इथून लिफ्टने वर जातो,
अर्जदार जिन्याने.

सुंदराबाई ढमढेरे, मुक्काम न्हावरे, तालुका शिरूर,
पहिल्या एसटीने येतात.
कागदावर कुणीतरी त्यांना 'सुंदर' केलंय.
रकाना अरुंद असेल, नाहीतर जेवायची वेळ झाली असेल,
काना राहिला.
आता सुंदर ढमढेरे या इसमाला
विधवेचं अनुदान द्यायचं कसं,
हा नवव्या मजल्याचा प्रश्न.

बुधवारी साडेअकराला भोंगा झाला.
आगीची रंगीत तालीम.
लिफ्ट बंद, अकरा मजले धडाधड खाली.
वीस वर्षं ज्यांच्या सह्या ओळखते
ते लोक पहिल्यांदा उन्हात पाहिले.
वसुलीचे पिंगळे चक्क बुटके निघाले,
सही केवढी उंच त्यांची!
कुणी भेळ मागवली.
मोजदाद झाली : चारशे सहा, सगळे सुखरूप.
हजेरीपटात अर्जदार धरत नाहीत.

तेवढ्यात कँटीनच्या पोऱ्याने बोट वर केलं.
नवव्या मजल्याच्या काचेत
एक उभी रेघ.
हलत नव्हती.
पाऊण तास चढल्या होत्या,
दर वळणावर गुडघ्यांना विचारत,
आणि आता खिडकी क्रमांक चारपुढे
त्यांच्याआधी कुणीच नव्हतं.

"पर्वती दिसली," मला नंतर म्हणाल्या,
"आगगाडी दिसली मुंगळ्यावानी.
आन् तुम्ही समदी, दाणं सांडल्यावानी.
म्हटलं, मोकळी झाली कचेरी,
आता माझं होईल."

संध्याकाळी त्यांच्या पोचेची स्थळप्रत काढली.
तारीख बरोबर, शिक्का ठसठशीत.
नाव : सुंदर ढमढेरे.
अक्षर माझं.

पेन हातात धरून बसले थोडा वेळ.
खाडाखोड चालत नाही आमच्यात.

मालधक्का चौकात सिग्नलला मागे वळून पाहिलं.
इमारत उभी होती, दिवे मालवलेली,
सरळ, काळी, एका ओढीत काढल्यासारखी.
कुठल्या अक्षराची,
ते काही तिथून कळेना.