पुढचा आख

सत्याऐंशीचं मॉडेल, बापाचा ट्रक.
पुढची दोन चाकं आपापल्या मर्जीनं वरखाली होणारी.
एल्कोच्या हमरस्त्यावर लोण्यासारखा चालायचा,
पण रूबीच्या डोंगरात, मेंढ्यांच्या तळाकडं चढताना
जिथं उंबऱ्याएवढे खडक लागतात,
तिथं एक चाक हवेत लटकायचं
भिंतीवर पाय सोडून बसलेल्या पोरासारखं.

"कापूनच टाकू," बेन्यात म्हणाला.
रीनोहून आला तो, साडेचार तास,
मागच्या ट्रॉलीत त्र्याऐंशीच्या भंगार ट्रकचा आख बांधून.
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग लोखंड,
मध्ये डिफरन्शियलचा भोपळा.
बापाला पुरल्यानंतर पहिल्यांदाच येत होता.
जमिनीच्या कागदांवरून आमचं बिनसलं, त्याला सहा वर्षं झाली.

टॉर्चची निळी जीभ दिवसभर चालली.
कंट्रोल आर्म, टॉर्शन बार, त्यांचे कान, त्यांच्या खुंट्या
एकेक करून खाली पडलं.
कुंपणापाशी ढीग लावला, कुत्रं येऊन हुंगून गेलं.
नकल मी उघडले.
आतलं ग्रीस डांबर झालेलं, कोपरापर्यंत काळं.
डाव्या चकत्या डाव्या डब्यात, उजव्या उजव्या,
कॉफीच्या डब्यांवर खडूनं लिहून ठेवलं,
कारण त्या एकमेकींत मिसळल्या की संपलंच.

मग माप घेतलं.
स्प्रिंगच्या पुढच्या खुंटीपासून मागच्या आखापर्यंत.
डावीकडून एक आलं, उजवीकडून दुसरं.
पाच सुतांचा फरक.
"टेप नीट धर."
"धरलाय."
"मग तुझ्या बाजूला काहीतरी चुकतंय."
"माझ्याच बाजूला चुकतं ना नेहमी."
परत मोजलं. परत पाच सूत.
रात्री घेवडा आणि सॉसेज, मध्ये पावाची लादी,
सुरी कोण मागणार म्हणून दोघांनी पाव हातानंच तोडला.

सकाळी तो माझ्याआधी ट्रकखाली होता.
तारेच्या ब्रशचा आवाज येत होता, मग थांबला.
"गराझी, इकडं ये."
बॅटरीच्या बाजूला, चासीच्या पोटाशी,
रंगाखाली पत्र्याचं ठिगळ,
आणि त्याच्या कडेनं वेल्ड,
गांडुळं सांडल्यासारखा, थेंबथेंब ओघळलेला.
हा हात कुणाचा ते दोघांनाही सांगावं लागलं नाही.
मेंढ्यांच्या फाटकांवर अजून तोच आहे.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात आठ दिवस उशिरा उतरला होता तो
बरगडी धरून.
"बर्फात घसरलो," एवढंच.
आईनं मीठ तापवून शेक दिला.
ट्रकचं कुणी विचारलं नाही.
त्यानं कुठं, कधी, कुणाच्या शेडमध्ये
हे ठिगळ मारलं, देव जाणे,
आणि तीस वर्षं स्टिअरिंग हलकंसं वळवून धरत
सरळ चालवत राहिला.
आम्हाला वाटायचं, त्याची ती सवयच आहे.

बेन्यात बराच वेळ आडवाच राहिला.
बूट तेवढे बाहेर.
मग आतून म्हणाला,
"चासीवरून मोजायचंच नाही.
ती राहू दे वाकडी.
मागच्या आखावरून धरू."

तिरपं मोजलं, टोकापासून टोकापर्यंत, दोनदा.
सूत जुळलं.
टेपवरचं म्हणतेय मी.

त्याचे वेल्ड सुबक, नाण्यांची चळत आडवी केल्यासारखे.
शेवटचा मला मारू दिला. माझा ओघळला.
काच वर करून तो जरा जास्तच वेळ बघत राहिला.
"चालेल," म्हणाला.

ब्रेकचे लांब पाइप, पाट्या, यू-बोल्ट,
सगळं संध्याकाळपर्यंत बसलं.
चढावर मी चालवत होते.
डावं चाक खडकावर चढलं तसं
उजवं खाली दाबलं गेलं, माती धरली.
पाट्या करकरल्या. दोघांची कॉफी सांडली.

"डावीकडं ओढतंय," मी म्हणाले.
"सोमवारी बघू."

सोमवारी त्याला रीनोत कामावर जायचं होतं.
मी काही बोलले नाही.
चाक हलकंसं वळवून धरलं.