पेन्सिव्ह

ग्रिम्सबीत मंगळवारी संध्याकाळी
मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत
हीटर नुसताच टकटकतो, तापत नाही.
सात बायका, दोन पुरुष,
आणि लिंबू चोळूनही न गेलेला हॅडकचा वास.

हिल्डा ऑकलंड फळ्यावर लिहिते : पेन्सिव्ह.
विशेषण. विचारात बुडालेला.
माणूस असतो, म्हणते, चेहरा असतो,
फार तर एखादी संध्याकाळ.
एकेक वाक्य करून आणा.

दाइवा आठवडाभर तो शब्द घेऊन फिरते,
गमबुटात खडा शिरल्यासारखा.
काढायला वेळ नाही,
आणि खरं म्हणजे
काढावासाही वाटत नाही.

पुढच्या मंगळवारी योलांता वाचते :
माझा नवरा पेन्सिव्ह आहे, भाडं थकलं आहे.
हिल्डा म्हणते, त्याला दुसरा शब्द आहे.
मग दाइवा :
काट्यावरचा मासा पेन्सिव्ह होता.

वर्ग हसतो. लाल पेन वर जातं.
मेलेला मासा विचार करत नाही, दाइवा.

मासा नाही, दाइवा म्हणते,
शब्द सापडत नाहीत, म्हणून बोट उभं धरते.
हे. नवीन मशीन बंद. जुना काटा काढला.
हे असं इकडे, असं तिकडे,
ठरत नाही.
थांबेपर्यंत मी पण श्वास नाही.

त्या रात्री हिल्डा
वडिलांचा जाडा शब्दकोश मांडीवर घेते.
एकतीस वर्षं शिकवला हा शब्द,
मुळाशी कधी गेली नव्हती.
लॅटिन. तोलणे. वजन करणे.
चहावर साय धरते.
वहीतली लाल रेघ
आता खोडता येत नाही.

मी ज्या भाषेत हे लिहितो आहे
तिच्यात मासा हे वजनही होतं,
तोळ्याचा बारावा हिस्सा.
आणि काटा तराजूचाही, माशाचाही,
घशात अडकतो तोही.
पण ग्रिम्सबीत हे कुणाला सांगणार?

पहाटे पाच. बर्फाचा चुरा, पांढरे दिवे.
पानेवेझिसहून मुलाचा मेसेज आला आहे :
आई, तू येणार आहेस की नाही, एकदाच सांग.
दाइवा मासा ठेवते.
सुई थरथरते.
झोपलीस काय गं, फोरमन ओरडतो.
ती हात वर करते, थांब म्हणून.

मग म्हणते,
दोन किलो एकशे चाळीस.