साक्षीदार क्रमांक दोन

सुपडू तायडे आज हजर झाला.
हजेरीच्या वहीत त्याचं नाव नव्हतं.
मीच लिहिलं, सगळ्यात खाली,
छापील नावांच्या रेघेबाहेर.

अकरा वर्षांपूर्वीचा जानेवारी.
कळवा ते मुंब्रा, हिवाळ्यातली रात्रीची गस्त.
खाडीवरून असा गारठा यायचा
की लोखंडही आखडायचं.
छत्तीस किलोमीटरच्या पुढे रूळ तडकला.
पहाटेची मालगाडी वेळेत थांबली, कुणी मेलं नाही,
पण कुणीतरी झोपलेलं असायला हवं होतं.

साहेबांनी कागद आणला, टाइप केलेला.
मला क्वार्टर मिळायचं होतं, दोन खोल्या.
न वाचता सही केली, असं मी सांगत आलो.
वाचला होता.
"सदर कर्मचारी केबिनमध्ये झोपलेला आढळला."
कुणाला आढळला ते लिहिलंच नव्हतं.
खाली सही माझी.

त्या रात्री बाराच्या सुमाराला तो येऊन म्हणाला होता,
"भागवत, छत्तीसच्या पुढे आवाज बदललाय. वहीत लिही."
मी लिहिलं.
ते पान नंतर वहीत नव्हतं.
मी फाडलं नाही.
मी फक्त वही साहेबांच्या टेबलावर ठेवून
चहाला गेलो.

रेल्वेत चावीवाला म्हणजे
रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ठोकत चालणारा माणूस.
काम हातोड्याचं दिसतं, असतं कानाचं.
बडतर्फ झाल्यावर सुपडू कळवा नाक्यावर
कपाटांच्या, स्कूटरच्या चाव्या घासत बसला.
पाटीवर एकच शब्द: चावीवाला.
जाणाऱ्या-येणाऱ्याला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

एकदा माझ्या क्वार्टरची चावी हरवली,
त्याच क्वार्टरची.
उरलेली एक घेऊन गेलो.
त्याने ती उन्हात धरली, दाते बघितले,
नवी घासली, फुंकर मारली.
"वीस रुपये."
मी पन्नासची नोट दिली.
त्याने तीस परत केले, मोजून.
चावी पहिल्याच खेपेला लागली.

तारखा पडत राहिल्या.
सातव्या वर्षी न्यायाधिकरणात मला बोलावलं.
त्याच्या वकीलबाई बुटक्या, चष्मा दोरीला बांधलेला.
केबिनपासून तुम्ही किती लांब होता?
आठवत नाही.
आत दिवा होता?
आठवत नाही.
थंडी होती?
होती, म्हणालो. फार होती.
तेवढंच एक न अडखळता.

निकाल सोळा पानांचा.
युनियनच्या बाविस्करने टूल-रूमच्या दारात वाचून दाखवला.
कामावर परत घ्यावे. नोकरी अखंड धरावी.
मागचा पगार नाही.
पान नऊ वाचताना त्याचा आवाज जरा उतरला:
"साक्षीदार क्रमांक दोन विश्वासार्ह वाटत नाही."
गँगमधली पोरं
पहारींकडे बघत राहिली.

त्या वाक्यावर सुपडूची नोकरी परत आली.
माझी गेली नाही.
मी मुकादम आहे, क्वार्टरही आहे.

त्याचे चौदा महिने उरलेत.
नवा केशरी कोट खांद्यांवरून उतरतो.
मी हातोडा दिला,
त्याने दांडा हलवून पाहिला, दुसरा मागितला.
आता रुळाखाली नव्या क्लिपा आल्यात, म्हटलं.
तो काही बोलला नाही.
मुंब्र्याच्या अंगाने चालत सुटला,
ठोकत, मान किंचित कलती,
अकरा वर्षं मध्ये गेलीच नसल्यासारखा.
मी मागून, वही काखेत.

थांबला.
"मुकादम," म्हणाला. पूर्वी नावाने हाक मारायचा.
"ही ढिली आहे. वहीत लिही."
मी लिहिलं: किलोमीटर, खांब, वेळ.
बॉलपेनची शाई सुकायला वेळ लागत नाही,
तरी तो उभाच.
मग वही मागितली,
खिशातून मोबाइल काढला,
पानाचा फोटो घेतला. धूसर आला असावा,
पुन्हा एक घेतला.
वही परत दिली, दोन्ही हातांनी.

आणि पुढे निघाला.
ठण. ठण. ठण.
घट्ट कुठली, ढिली कुठली,
मला कानाने कधीच कळलं नाही.