पहिल्या वर्षी तोडायचं नाही

शहराचं नाव हल.
मराठीत वाचलं तर हुकूमच.
हलले.

खोक्यांवर माझंच अक्षर: 'मसाले', 'कागदपत्रं', 'लगेच लागणारं'.
त्याखाली कॉव्हेंट्रीचा पत्ता, मग स्विंडनचा, मग डर्बीचा,
आडव्या रेघांमागून अजून वाचता येणारे.
हलच्या पत्त्याला जागा उरली ती बुडाशी.
तिथे लिहिला, आणि खोकं उलटं ठेवलं.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणतात.
विंचवाला बरंय.
त्याला पाच आठवड्यांचं डिपॉझिट भरावं लागत नाही,
आणि नोकरी सहाच महिन्यांची आहे कळल्यावर
घराचा एजंट त्याच्याकडे असा बघत नाही,
नाणं वाजवून घ्यावं तसा.

काम पवनचक्कीच्या पात्यांचं.
या टोकाची शिंक त्या टोकाला ऐकू जात नाही
एवढं एक पातं.
मी टॉर्च घेऊन त्याच्या पोटात रांगते,
बुडबुडे शोधते, केसाएवढी चीर दिसली
तरी खडूने गोल करते.
माझ्या सहीशिवाय पातं समुद्रावर जात नाही.
माझ्या कंत्राटावर ज्याची सही आहे
त्याचं पद मात्र मागच्या मंगळवारी गेलं.
'बाजाराची सद्यस्थिती पाहता' अशी मेल आली.
पाहणारा कोण, ते लिहिलं नव्हतं.
पुढचं पुढे, म्हणाला टीम लीडर
आणि डबा उघडून बसला.

रविवारी निशिकांतचा फोन.
त्याच्याही डेपोत कुजबुज आहे.
शर्वरीची शाळा सोडवायची की वर्ष काढायचं तिथेच,
हा प्रश्न आम्ही तापल्या तव्यासारखा
एकमेकांकडे सरकवतो,
मग विचारतो, जेवलास का, जेवलीस का.
शर्वरी मागून ओरडते,
तिथले फोनचे खोके खरंच पांढरे आहेत?
सायीच्या रंगाचे आहेत गं. फोटो पाठवते, म्हणते,
आणि विसरते.

मागच्या अंगणातली भिंत कमरेएवढी.
पलीकडे ब्रेंडा, अठ्ठ्याहत्तर वर्षांची,
वडील मासेमारीच्या जहाजावर होते तिचे:
तीन आठवडे समुद्र, तीन दिवस घर.
'त्या तीन दिवसांत आई त्यांच्याकडून
भिंती रंगवून घ्यायची.
नाहीतर कधी?'

काल तिने भिंतीवरून एक गड्डा दिला,
मातीने माखलेला, सुरणाचा चुलतभाऊ शोभेल असा.
रुबार्ब.
मोबाइलवर पानं दाखवली, मागच्या उन्हाळ्यातली,
थेट अळू. हात शिवशिवले वड्यांसाठी.
पान विषारी, म्हणाली, खायचे ते देठ,
लाल, अंबाडीपेक्षा आंबट.
'आणि पहिल्या वर्षी तोडायचं नाही. एकसुद्धा.
मूळ धरू दे.
पुढच्या वर्षी थोडं.
मग दहा वर्षं बघायला नको.'

मी बोटांवर मोजलं.
कंत्राट एप्रिलअखेर संपतं.
एक बादली शोधली, तिच्या बुडाला
भोकं पाडायला बसले,
म्हणजे उचलून नेता येईल.
ब्रेंडा बघत होती. काही बोलली नाही.
गड्डाच बादलीत मावेना,
तेव्हा तिने फावडं पुढे केलं.

भाडेपत्रात लिहिलंय, खिळे ठोकू नयेत.
मातीबद्दल काही नाही.

अंधार पडेस्तोवर खणलं. साडेचारलाच पडतो.
नखांत काळी माती घेऊन आत आले,
तर साबण 'लगेच लागणारं'मध्ये,
आणि ते तीन आठवडे झाले तसंच बंद, उलटं.
कोपराने ढकलत सुलटं केलं.
हलचा पत्ता जमिनीला टेकला.