टंच

रविवार पेठेत दुपारी अडीचला शटर अर्धं खाली असतं.
त्याखालून वाकून आत आल्या
रास्ता पेठेतल्या सिमाबाई नागावकर,
आणि काउंटरवर ठेवली
सहा चमच्यांची जुडी, रबर लावलेली.
रबरानं चांदी काळी पडते.
हे मी सगळ्यांना सांगतो.

भिंग डोळ्याला लागलं की दुकान नाहीसं होतं.
खिंवसरा शेठांचं घोरणं, पंख्याची कुरकुर,
बाहेर टेम्पोवाल्याची शिवी, सगळं लांब जातं.
उरते दांड्याची मागची बाजू,
आणि तिथे तांदळाच्या कणीएवढ्या चौकटीत
एक सिंह चालतो आहे,
पंजा उचललेला,
शंभर वर्षांत एक पाऊल न टाकता.

सिंह म्हणजे हजारात नऊशे पंचवीस.
शेजारी नांगर, जहाजाचा,
म्हणजे बर्मिंगहॅम.
त्या गावाला समुद्र नाही, तरी नांगर.
मग वर्षाचं अक्षर, घासून घासून अर्धं गेलेलं,
एच असेल किंवा बी.
अशा वेळी अक्षर वाचायचं नसतं,
त्याभोवतीच्या ढालीचा आकार बघायचा.
हे मला कुणी शिकवलं नाही.
एका चुकीचे पैसे पगारातून कापले गेले,
तेव्हा कळलं.

पाच चमचे असे.
सहावा हातात घेतला आणि मला हसू आलं.

त्याच्यावर सिंह नाही, कुत्रा आहे.
शेपूट वळलेली, कान पडलेले,
कसबा-नाना पेठांतून फिरणारा आपला साधा कुत्रा.
आणि त्याच्यापुढे नांगर:
रुमणं, हाळीस, फाळ,
सगळं जिथल्या तिथे, शेतात घालायला तयार.

हरवलेल्या सहाव्याच्या जागी
कुणी तरी करवून घेतला असणार.
कुणी तरी सांगितलं असणार, बाबा, इथे नांगर काढ.
त्या कारागिरानं नांगर काढला.
चूक कुठे आहे?

दगडावर दोन्ही घासले, तेजाबाचा थेंब सोडला.
पाचांची रेघ काळपट लाल.
कुत्र्याची डाळिंबासारखी.
मी पुन्हा घासली.
पुन्हा तीच.

"पाच विलायती," मी म्हटलं, "हा एक इथला."
"कुत्रा ना?" त्या म्हणाल्या.
"हयीमभाऊ दुसऱ्या चमच्यानं जेवायचाच नाही.
आई ताटावर बसून ओरडायची."

"डावखुरे होते का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
जसं टपालवाल्याने पत्र फोडलं असावं.
मी चमचा उजेडात धरला.
पाचही चमचे टोकाशी डावीकडे झिजलेत,
उजव्या हातानं ढवळणाऱ्यांचे असेच झिजतात.
हा उजवीकडे.
हा छाप कुणी मारत नाही,
ढालीत बसत नाही, याचा तक्ता मिळत नाही.

"बासष्ट साली अश्दोदला गेला," त्या म्हणाल्या.
"पुढे तिथल्या बंदरात क्रेनवर होता.
फेब्रुवारीत फोन आला."
मग बराच वेळ त्या पंख्याकडे बघत होत्या.

सोसायटीच्या लिफ्टची वर्गणी भरायची आहे.
मी म्हटलं, हे मोडीत घालू नका,
कॅम्पात दाखवा, हौशी लोक वजनापेक्षा जास्त देतात.
"मला कोण नेणार कॅम्पात," त्या म्हणाल्या.
म्हणून पाच सिंह तागडीत चढले.
संध्याकाळी मुशीत उतरतील,
पंजा उचललेलाच असेल.

सहावा त्यांनी रुमालात गुंडाळला.
वर म्हणाल्या, याचं काय ते कागदावर लिहून द्या.
मी लिहिलं: चमचा, नग एक, शहाण्णव टंच.
खाली दुकानाचा शिक्का मारला.
आमच्या शिक्क्यावर मोर आहे.
त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली
आणि विचारलं,
"हा कोंबडा का?"