चौदा मिलिमीटर

ब्रेक लाकडासारखा लागतो, म्हणाले बाबा,
आणि दोन महिन्यांचं पेन्शन
पोस्टाने येणाऱ्या खोक्यांत घातलं.

त्रेंता खोऱ्यात मार्च म्हणजे
अजून दाराशी फावडं,
आणि वर वर्शिचचा घाट बंद.
तीस हिवाळे त्या घाटात बर्फ ढकलणारा ट्रक चालवलेला माणूस
जुन्या सतरंजीवर गुडघे टेकून
एकोणऐंशीच्या यामाहाचं पुढचं चाक उतरवतो.

एक डिस्क होती, आता दोन.
कॅलिपर उदिनेच्या भंगारवाल्याकडचे,
कुठल्याशा मोठ्या, आपटलेल्या गाडीचे.
रबरी नळ्या गेल्या, स्टीलच्या विणीच्या आल्या.
ब्रॅकेट शेजारच्या त्स्वेत्कोने लेथवर घडवून दिले,
मोबदल्यात दोन बाटल्या आणि एक जुनं भांडण माफ.
ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून टाकीवर
आईचा नाताळचा टेबलक्लॉथ.
आईला अजून पत्ता नाही.

मास्टर सिलिंडर मी खोक्यातून काढला.
पोटावर ओतीव आकडा: चौदा.
दोन डिस्कना सोळा लागतो,
हे त्यांनीच शिकवलेलं, मी दहा वर्षांची असताना,
इथेच, दोन सिरिंज नळीने जोडून:
बारीक दाबली की जाड उचलते,
फक्त बारकीला लांब चालावं लागतं.

"चुकीचा पाठवलाय."
"नाही," म्हणाले, आणि पाना शोधू लागले,
जो त्यांच्या डाव्या हातात होता.
उजवा खिशात.

आंबवलेल्या कोबीची बरणी हल्ली आई उघडते.
कॉफीचा कप ते दोन्ही हातांनी धरतात.
मी काही बोलले नाही.
बोल्टला तांब्याचे नवे वॉशर घातले.

मग हवा काढायची.
मी लिव्हरवर, ते खाली निपलपाशी.
दाब. धर. धरून ठेव. आता सोड.
दाब. धर.
अगं सोडलीस कशाला!
पारदर्शक नळीतून जॅमच्या बाटलीत बुडबुडे,
संपले म्हणावं तर आणखी एक.
काळोख झाला तरी लिव्हर पावासारखी मऊ.
बाबांच्या घरच्या शिव्या संपल्या,
मग सीमेपलीकडच्या, इटालियन.
शेवटी फाटक्या ट्यूबची पट्टी घेऊन
लिव्हर मुठीशी आवळून बांधली.
"राहू दे रात्रभर.
उरलेली हवा तिची ती वर जाते."

सकाळी पट्टी सोडली.
लिव्हर थोडी आत आली, आणि थांबली.

दुधाच्या फाटकापर्यंत ते हळू गेले, हळू आले,
पॅड बसेपर्यंत.
बाराव्या फेरीला जरा वेग घेतला,
गाडीचं नाक खाली झुकलं
आणि सगळं जागच्या जागी.
त्स्वेत्कोची कोंबडी एक पाय वर धरून
बघत राहिली.

"चावतो," म्हणाले.
मग हातमोजा काढून उजवा हात पुढे केला,
वाकड्या सांध्यांचा,
आणि किती बोटं लागली ते दाखवलं.
दोन.

घाट एप्रिलअखेर उघडेल, पन्नास वळणांचा.
टेबलक्लॉथवर डाग पडलाच आहे,
साधारण ताटलीएवढा.
त्याचं काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.