नमुना

नमनगानहून चौघं आली आमच्या एमआयडीसीत,
एप्रिलात, ऊन डांबराला चिकटलेलं असताना.
तिघं कोटातले, आणि एक बाई.
तिच्या ओढणीत लाल हिरव्यात पाझरलेला,
जसा रंगाऱ्याचा हात मुद्दाम हलावा तसा.

शेठनी पडद्यावर तिचा प्रांत तिलाच दाखवला.
कापूस इतके टन. रेशमाचे कोष इतके.
जर्दाळू, सफरचंद, चपला, गालिचे.
आता नुसता कापूस विकायचा नाही,
सूतही तिथं, टॉवेलही तिथंच.
दुभाषा पोरगं दिल्लीचं, आकडे पुसत होतं की घाम, कळेना.
"नमन आणि गान! काय नाव आहे!" शेठ म्हणाले.
टाळ्या झाल्या.
बाई म्हणाली, मिठाची खाण होती म्हणतात तिथं, त्यावरून.

मी चेकिंगला. सतरा वर्षं.
ट्यूबखाली टॉवेल येतो, मी तळवा फिरवते.
डोळ्याच्या आधी हाताला कळतं
कुठं लूप निसटलाय, कुठं ताणा तुटून गाठ बसलीय.
बाकीचे माग बघायला गेले, दुभाषाही त्यांच्यामागं.
ती माझ्या टेबलाशी थांबली.
आम्ही दोघी, आणि साडेतीनशे टॉवेल.

एक उचलून मी म्हणाले, नमुना.
ती म्हणाली, नमुना.
मी दचकले. वाटलं, चिडवतीय की काय.
मग तिनं शेडकडं हात केला : कोरखोना.
मी : कारखाना. ती : बोझोर. मी : बाजार.
हिसोब, हिशोब.
धंद्याचे सगळे शब्द
आमच्या आधीच कुणी उंटावर लादून
दोन्हीकडं उतरवून ठेवलेले.

कापसाशी गाडी अडली.
घरी आम्ही तेलुगूत पत्ती म्हणतो, ती पख्ता.
मग ती वाकली. कमरेला नसलेली झोळी,
फरशीवरून वेचायला लागली, दोन्ही हातांनी, भराभर.
तळवा छातीखाली धरून उंची दाखवली : एवढी होते.
आणि म्हणाली, दफ्तर.
खांद्यावरून काढल्यासारखं करून बाजूला ठेवलं.

मी पण मांडी घातली तिथंच, स्टुलाशेजारी.
मांडीवर सूप, पानाला कात्री,
चिमूटभर तंबाखू, बोटांनी वळकटी, दोरा.
तळवा छातीखाली.
दप्तर, खाटेखाली.

सुपरवायझर गुंडेटी लांबून बघत होता.
त्याला वाटलं असेल, दोघी वेड्या झाल्या बे.

उठताना तिनं रिजेक्टच्या ढिगातला टॉवेल घेतला,
कडेला एक धागा सुटलेला.
बेकार, मी म्हणाले.
ती हसलीच. बेकोर!
तिथंही आहे हा शब्द.
दुभाषाला नंतर विचारलं, तो म्हणाला,
रिकामटेकडं. फुकट गेलेलं. काम नसलेलं.
सगळं तेच, म्हणलं मी.
त्या वेळी खिडकीबाहेर, बंद गिरणीच्या चिमणीवर
पिंपळ फुटलेला दिसत होता, आणि खाली पत्ते खेळणारे.
तिलाही दिसला असेल. तिनं विचारलं नाही.

तो रिजेक्ट टॉवेल ती घेऊन गेली. मी नोंद केली नाही.
जाताना माझ्या हातात कागदी पुडा दिला.

दिवाळीनंतर शेठ म्हणाले,
त्यांचं युनिट सुरू झालं, आपले दोन कंटेनर गेले.
चेकिंगला चारच्या दोघी ठेवल्या.
मी राहिले, तुलसव्वा गेली.
कुणाला शिव्या द्यायच्या, मला ठरवता आलं नाही.
तिची आठवण आली की हात आपोआप वेचल्यासारखा हलतो.

पुड्यात जर्दाळू होते, सुकलेले, आत बी तशीच.
अम्माला आता धड दिसत नाही.
तिनं ते सुपात ओतले आणि सवयीनं
पंचवीस-पंचवीसच्या जुड्या लावल्या, जशा विडीच्या लावायची.
शेवटची जुडी तेवीसच भरली.
पुन्हा मोजली. तेवीस.
"दोन कमी दिल्या गं तुझ्या मैत्रिणीनं," म्हणाली.

दोन मी बसमध्येच खाल्ले होते.
सांगितलं नाही.